जगाचा इतिहास वाचायचाय? मग आधी काळ्या घोड्यापाशी जा

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी जगाच्या इतिहासाचे सहा जाडजूड खंड हप्त्यानं घेतले. हप्ते फिटले, खंड काही संपले नाहीत. दर दिवाळीला कपाट आवरताना पहिला खंड हातात यायचा, मग उत्साहानं परत पान एकपासून, परत तैग्रिस आणि युफ्रेटिस, परत हम्मुराबी, आणि भाऊबीज होईपर्यंत परत कपाटात. मेसोपोटेमियाच्या पुढे मी कधी गेलोच नाही, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या वर्षी भाचीनं विचारलं, मामा, वर्ल्ड हिस्टरी शून्यातून चालू करायचीय, कुठून करू, तेव्हा एवढं नक्की कळत होतं की पान एकपासून नाही. म्हटलं चल, स्कूटर काढ. त्या दिवसापासून आम्ही दोघं जे करतोय ते इथे लिहितोय, बडोद्यात राहणाऱ्या आणि इतिहास म्हटलं की शाळेतल्या सनावळ्या आठवून पोटात गोळा येणाऱ्या कुणालाही जमेल असं आहे. इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांनी आपापल्या गावातल्या वस्तू घालून घ्या, पद्धत तीच.

पायरी १ : एक वस्तू पकडा, छोटी

सुरुवात राजवाड्यापासून करू नका, राजवाडा फार मोठा आहे, माणूस हरवतो. अशी वस्तू घ्या जिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहता येईल. आम्ही काळा घोडा घेतला, म्हणजे तो घोडेस्वाराचा पुतळा. सयाजीबागेजवळचा, ज्याला वळसा घालून आपण रोज स्टेशनला जातो आणि वर कोण बसलंय ते बघतही नाही. (बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे बसलेत. विचारून बघा चार जणांना, गंमत येते.)

आता वस्तूला चार प्रश्न विचारायचे. कोणी केली, कधी केली, पैसा किंवा माल कुठून आला, आणि ज्यानं केली तो माणूस पुढे काय करत होता. चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि खरा माल बहुतेक वेळा तिथेच असतो.

घोडा केला फ्रान्सिस डरवेंट वुड नावाच्या इंग्रज शिल्पकारानं, १९०७ साली. हे इंटरनेटवर दोन मिनिटांत मिळतं आणि बहुतेक जण इथे थांबतात. पण पुढे बघा. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं, डरवेंट वुडचं वय चाळिशीच्या पुढे, लढायला जाण्याचं नव्हे, तर तो लंडनच्या एका लष्करी हॉस्पिटलमधे साधा मदतनीस म्हणून लागला. तिथे जखमी सैनिक यायचे त्यात चेहरा उडालेले खूप. कारण हे युद्ध खंदकांतलं, अंग खाली लपलेलं असायचं आणि डोकं वर काढलं की गोळी नाहीतर तोफगोळ्याचा तुकडा थेट तोंडावर. तेव्हाची प्लॅस्टिक सर्जरी नुकती कुठे डोळे उघडत होती, त्यामुळे ज्यांचं सर्जननी जेवढं करायचं तेवढं केलं आणि तरी नाक नाही, जबडा नाही, अशांसाठी या शिल्पकारानं मुखवटे बनवायला घेतले. आधी चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा, मग जुना फोटो बघून नाक-गाल पूर्ववत घडवायचे, मग त्यावरून पातळ तांब्याचा मुखवटा, आणि शेवटी त्या माणसाच्या कातडीच्या रंगाशी जुळवून रंगकाम. चष्म्याच्या काड्यांवर तो अडकवायचा. सैनिकांनी त्या खात्याला नाव ठेवलं होतं, टिनच्या नाकांचं दुकान.

म्हणजे बघा, आपल्या चौकातल्या घोड्याच्या नाकपुड्या ज्या हातांनी घडवल्या तेच हात दहा वर्षांत माणसांची नाकं बनवत होते. भाची घोड्याखाली उभी राहून हे मोबाईलवर वाचत होती, मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, आणि ती म्हणाली, मामा, खंदकातलं युद्ध म्हणजे काय ते मला आता कळलं. माझ्या सहा खंडांत त्यावर चाळीस पानं आहेत, असतील बापडी.

पायरी २ : दोन पानांची वही

मोबाईलमधे नोट्स नको, साधी फुलस्केप वही घ्या. वही उघडली की डावं पान बडोद्याचं, उजवं पान जगाचं. मधे सालं, एकाखाली एक, आणि भरपूर जागा सोडायची कारण नंतर घुसवावं लागतं.

आमचं पहिलं पान १९१३ ते १९२१ असं भरलं. डाव्या बाजूला, १९१३, भीमराव आंबेडकर सयाजीरावांची स्कॉलरशिप घेऊन न्यूयॉर्कला, कोलंबिया युनिव्हर्सिटीत, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. १९१४, बागेतल्या म्युझियमशेजारची चित्रांची गॅलरी बांधून तयार. आता गॅलरी तयार झाली तर उघडायला पाहिजे ना, तर ती उघडली १९२१ ला. आम्ही आधी म्हटलं सरकारी काम, पैसे संपले असतील. मग उजवं पान भरलं : २८ जून १९१४, साराजेवोमधे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. ऑगस्टपर्यंत युरोप पेटलेला. आणि गॅलरीत लावायची चित्रं कुठे होती, तर युरोपात! युद्धामुळे ती वेळेवर इकडे येऊच शकली नाहीत. बडोद्याच्या भिंती सात वर्षं वाट बघत बसल्या.

त्याच पानावर खाली १९१७. उजवीकडे, फेब्रुवारीपासून जर्मनीच्या पाणबुड्यांनी दिसेल ते जहाज बुडवायला सुरुवात केली, एप्रिलमधे अमेरिका युद्धात उतरली, रशियात झारची सत्ता गेली. डावीकडे, आंबेडकर लंडनहून परत निघाले, ते सुखरूप पोचले पण त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते बुडवलं गेलं, पुस्तकांसकट. सामानाची नुकसानभरपाई मिळाली त्या पैशांतून ते नोकरीसाठी बडोद्याला आले. आणि बडोद्यात काय झालं ते आपल्याला माहीत असलंच पाहिजे : अस्पृश्य म्हणून कुणी खोली देईना, पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, मग काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि तीही जागा सोडायला लागली. जगातल्या मोठ्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकून आलेला माणूस सयाजीबागेत, तेव्हाच्या कमाटीबागेत, झाडाखाली बसून राहिला. २३ सप्टेंबरला आजही लोक संकल्पभूमीवर, म्हणजे त्याच जागी, जमतात ते म्हणून.

हे लिहिताना माझा पेन थांबला होता. पाणबुडी ओलांडून आलेल्या माणसाला आपल्या गावात रात्र काढायला जागा नाही. वहीत डावं-उजवं पान समोरासमोर असलं की हे असं अंगावर येतं, वेगवेगळ्या धड्यांत वाचलं की येत नाही.

पायरी ३ : धागा ओढा, पण तीन उड्या, बस

नवीन माणसाचा घोळ इथे होतो. एका लिंकवरून दुसऱ्या, रात्री दोन वाजता बघावं तर आपण मंगोलांच्या घोड्यांचं खाणं काय यावर वाचतोय. म्हणून नियम, तीन उड्या झाल्या की वहीत लिहून झोपायचं.

उदाहरण देतो. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी एक हिरा घेतला होता, 'दक्षिणेचा तारा', पैलू पाडल्यावर १२८ कॅरटच्या वर, किंमत ८०,००० पौंड सांगतात. पहिली उडी : हा आला कुठून? ब्राझीलमधून, १८५३ ला सापडला. दुसरी उडी : कुणाला सापडला? खाणीत काम करणाऱ्या एका गुलाम बाईला. तिचं नाव कुणी सांगत नाही, हिऱ्याला मात्र नाव आहे. तिसरी उडी : मग ब्राझीलमधे गुलामी संपली कधी? १८८८ ला. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्याकडे सयाजीराव युरोपची पहिली फेरी मारून आले तेव्हाही तिकडे माणसं कायद्यानं विकली जात होती. थांबा. वही बंद. लिंकन उद्या.

पायरी ४ : 'तेव्हाच' आणि 'त्यामुळे' यात फरक करा

दोन पानांची वही भरायला लागली की एक रोग लागतो, सगळं सगळ्याला जोडलेलं दिसायला लागतं. मला लागला होता. डाव्या पानावर १८६२, डभोई ते मियागाम रेल्वे, गायकवाडांची, नॅरोगेज, आणि सुरुवातीला गाड्या चक्क बैल ओढायचे. उजव्या पानावर १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, दक्षिणेकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव. मी टाळी वाजवली, अमेरिकेत युद्ध झालं म्हणून डभोईची रेल्वे झाली! नातेवाइकांना सांगूनही टाकलं.

भाचीनं शांतपणे विचारलं, युद्ध सुरू झालं एप्रिल १८६१ ला, रेल्वे धावली १८६२ ला, एका वर्षात ठरवून, जमीन घेऊन, रूळ मागवून, टाकून झाली? बोलती बंद. रूळ टाकायचं ठरलं ते आधीच ठरलेलं असणार. कापसाच्या तेजीमुळे त्या भागात पैसा खेळला असं म्हणता येतं, मुंबईत तर शेअरबाजार वेडापिसा झाला आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर धाडकन आपटला हे पक्कं आहे, पण रेल्वे 'त्यामुळे' झाली असं म्हणायला कागद पाहिजे. तेव्हापासून वहीत दोन चिन्हं आहेत. नुसतं एकाच वेळी घडलं तर समोरासमोर टिंब, कारण सिद्ध असेल तरच बाण. आमच्या वहीत टिंबं खूप आहेत, बाण सात-आठ. गॅलरी आणि महायुद्ध यांच्यात बाण आहे, मी लाल शाईनं काढलाय.

पायरी ५ : तारखा आणि नावं

हे कंटाळवाणं आहे, पटकन उरकतो, पण सोडू नका.

बडोद्यात जुन्या पाटीवर किंवा घरच्या कागदावर संवत दिसतो, आणि गुजरातचा संवत दिवाळीनंतर बदलतो. म्हणून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते दिवाळीचा असेल तर ५६. मराठी कागदात शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. युरोपचीही भानगड आहेच : रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरनं ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, तिकडे तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, तेरा दिवस मागे. आणि इंग्लंडात १७५२ च्या सप्टेंबरमधे २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली.

नावांचंही तसंच. आपलंच बघा, कुणी बडोदे म्हणतं, कुणी बरोडा, १९७४ पासून कागदोपत्री वडोदरा. मग कॉन्स्टँटिनोपल आणि इस्तंबूल एकच, पेट्रोग्राड आणि लेनिनग्राड एकच, हे कळायला जड जाऊ नये. आणि नकाशा बघाल तेव्हा नकाशाचं साल बघा. कीर्तिमंदिर १९३६ चं, त्याच्यावर जी पृथ्वी आहे तिच्यावरच्या हिंदुस्थानात फाळणीची रेघ नाही. तेव्हा नव्हतीच.

पायरी ६ : फॉरवर्ड आला की कॅल्क्युलेटर काढा

आपल्या सगळ्यांना आलेला मेसेज : लक्ष्मी विलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा. खाली आकडे पण असतात, म्हणून खरं वाटतं. लक्ष्मी विलास ३,०४,९१,९२० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. मीही छाती फुगवून चार ग्रुपवर पाठवलाय, कबूल करतो.

आता बसा. मोठ्या आकड्याला छोट्यानं भागा. चार येतात का? जवळपास ३७ येतात. म्हणजे मेसेज स्वतःच्याच आकड्यांशी भांडतोय. पुढची पायरी, एका एकरात ४३,५६० चौरस फूट. मोठ्या आकड्याला त्यानं भागलं की जवळजवळ बरोब्बर ७०० एकर. म्हणजे तो आकडा राजवाड्याचा नाहीच, तो सगळ्या आवाराचा आहे, बागा, मैदानं, झाडं, मोर सगळे धरून! आणि बकिंगहॅमचा आकडा मात्र इमारतीतल्या मजल्यांच्या क्षेत्रफळाचा. एकाचं अंगण आणि दुसऱ्याच्या खोल्या. हे म्हणजे माझं शेत तुमच्या फ्लॅटपेक्षा मोठं आहे म्हणण्यासारखं झालं.

यानं आपला राजवाडा लहान होत नाही, चार्ल्स मँटनं आराखडा काढला, तो वारल्यावर रॉबर्ट चिझमनं काम पुरं केलं, १८९० मधे तयार झाला, बघण्यासारखा आहेच. पण आकडा कशाचा आहे हे विचारायची सवय लागली की मग सैन्याचे आकडे, मेलेल्यांचे आकडे, खजिन्याचे आकडे सगळे तसेच चाळणीतून काढता येतात.

पायरी ७ : एकच गोष्ट दोन तोंडांनी ऐका

१२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार, पंचम जॉर्ज सिंहासनावर. संस्थानिकांनी येऊन मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकत जायचं असा शिरस्ता. सयाजीराव फारसे दागिने न घालता आले, एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालते झाले. लंडनच्या पेपरांनी हा राजाचा अपमान म्हणून आकाशपाताळ एक केलं. आपल्याकडे हीच गोष्ट स्वाभिमान म्हणून आजी-आजोबांनी सांगितलेली. आणि स्वतः महाराजांनी व्हाइसरॉयला पत्रानं कळवलं की हेतू तसा नव्हता, गोंधळामुळे झालं.

तीन कागद, तीन गोष्टी. शिवाय त्या प्रसंगाचं चित्रीकरण झालं होतं, म्हणजे डोळ्यांनी बघता येतं, आणि गंमत अशी की बघूनही भांडण मिटत नाही. माझं मत? महाराजांना नेमकं काय करायचंय ते माहीत होतं आणि पत्र राज्य वाचवायला लिहिलं. आधीचे महाराज मल्हारराव यांना १८७५ मधे गादीवरून काढलं होतं ते ते विसरले नसणार : रेसिडेंटवर, म्हणजे इंग्रज सरकारच्या बडोद्यातल्या प्रतिनिधीवर, विषप्रयोगाचा आरोप, सहा जणांचं कमिशन, तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन हिंदी सभासदांना आरोप सिद्ध वाटला नाही, आणि तरी गादी गेलीच. त्या रिकाम्या गादीवरच कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव म्हणून बसला. पण हे माझं मत आहे, वहीत ते पेन्सिलनं लिहिलंय. भाचीला पटत नाही, ती म्हणते माणूस खरंच गडबडला असेल, हजारो लोक बघतायत, तू असतास तर?

पायरी ८ : वाचायचं कुठे

मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, नोंदी छोट्या आणि भरवशाच्या, पहिली उडी तिथेच मारा. मग मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. १९१० मधे सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयं उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. आणि रियासतकार सरदेसाई बडोद्याच्याच नोकरीत होते हे विसरू नका, राजपुत्रांना शिकवायला त्यांनी जी टिपणं काढली त्यातून रियासती, म्हणजे त्यांचे इतिहासाचे ग्रंथ, उभ्या राहिल्या. महाराजांच्या सांगण्यावरून मॅकियावेली मराठीत आणला तोही त्यांनीच. म्हणजे फ्लॉरेन्सचा राजकारणी दांडिया बाजारच्या मराठीत बोलायला लागून शंभरावर वर्षं झाली, आणि आपण अजून इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसतो.

जाड ग्रंथ लगेच आणू नका. एका वस्तूला एक महिना द्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरतात. सोबत कुणीतरी असावं, खोड काढणारं.

आता तुम्हाला पहिलं पान मीच आखून देतो. डाव्या पानावर लिहा : बडोदा म्युझियम, इजिप्तची ममी. रविवारी शाळेच्या सहली असतात, ममीपुढे पोरांची ढकलाढकली, त्यामुळे सकाळी लवकर जा. समोर उभे राहा, चार प्रश्न विचारा. उजव्या पानावर सालं घ्या : १७९८, नेपोलियन इजिप्तमधे उतरला, सैन्याबरोबर विद्वानांची फौज घेऊन. १७९९, रोझेटाचा दगड सापडला. १८२२, फ्रेंच विद्वान शांपोलियोंनं त्यावरची जुनी इजिप्ती लिपी वाचली. १८६९, सुएझ कालवा खुला. यातलं कशासमोर टिंब आणि कुठे बाण, ते तुम्ही ठरवा, आणि बाण काढण्याआधी कुणाला तरी दाखवा.